चकती डावीकडे

घरात औषध द्यायचा अधिकार कुणा माणसाला नव्हता, एका पितळी चकतीला होता. चकती ज्याच्या हातात, त्यानेच गोळी द्यायची. चकती नसेल तर साक्षात डॉक्टर आले तरी त्यांनी खुर्चीत बसायचं, चहा प्यायचा आणि आल्या वाटेने जायचं.

हा कायदा करणारे गृहस्थ म्हणजे गल्लीचे सिग्नलकाका. चौतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या एका केबिनमध्ये खटके ओढले, तेही एकेरी मार्गावर. एकेरी मार्ग म्हणजे रूळ एकच आणि गाड्या दोन्हीकडून. त्यावर जुना, साधा तोडगा असतो. दोन स्टेशनांच्या मधल्या टापूसाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघतं. ज्या ड्रायव्हरच्या हातात टोकन, तो पुढे जाणार. बाकीच्यांनी शिट्ट्या मारून घसा फोडला तरी उभंच राहायचं. काकांच्या ड्यूटीवर दोन गाड्या कधी समोरासमोर आल्या नाहीत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते तिसऱ्या महिन्यात बंद पडलं, पण तो काकांचा दोष नव्हे.

काकूंच्या हृदयातली एक झडप बदलली तेव्हापासून हे सगळं शहाणपण दोन खोल्यांच्या घरात उतरलं. त्याआधी महिनाभर सगळा कारभार रामभरोसे होता. एकदा काकांनी सकाळच्या गोळ्या दिल्या, मग रविवारची भेटायला आलेली लेक स्वयंपाकघरातून आली आणि तिनेही प्रेमाने त्याच गोळ्या दिल्या. काकू बिचाऱ्या दोघांचं मन राखायला दोन्ही वेळा गिळून मोकळ्या. दुपारी त्या चक्कर येऊन न्हाणीच्या दारात पडल्या. तेव्हा काका म्हणाले होते, "दोन इंजिनं एका रुळावर आली. दोष इंजिनांचा नाही. टोकन नव्हतं."

मग त्यांनी एक फळी रंधून घेतली, तिला हिरवा रंग दिला, आणि वर दोन ओळी लिहिल्या, सकाळ आणि रात्र. प्रत्येक ओळीत दोन खिळे. डावा खिळा म्हणजे 'द्यायची', उजवा म्हणजे 'दिली'. प्रत्येक ओळीला एक पितळी चकती. चकती डावीकडे असेल तर ती काढून खिशात घालायची, गोळ्या द्यायच्या, काकूंनी जीभ बाहेर काढून दाखवली की चकती उजवीकडे अडकवायची. आणि रोज उठल्याबरोबर, तोंड धुवायच्याही आधी, दोन्ही चकत्या परत डावीकडे. नवा दिवस, मार्ग मोकळा.

"तोंडात गोळी, जीभ बाहेर," काकू म्हणायच्या. "लग्नात एवढी तपासणी केली असती तर मी वाचले असते."

"लग्नात टोकन तुझ्या बापाकडे होतं. मी फक्त गाडी पुढे घेतली."

फळीखाली औषधांची यादी चिकटवलेली होती. गोळ्या पाकिटातून काढून डबीत ओतायच्या नाहीत, दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली तर नाव वाचल्याशिवाय घ्यायची नाही, डॉक्टरांनी बदल केला की जुनी ओळ खोडून तारीख टाकायची. काकांचं अक्षर आगगाडीसारखं, एका रुळात. काकूंच्या डॉक्टरीणबाई एकदा घरी आल्या होत्या, त्यांनी त्या फळीचा फोटो काढून नेला. "मी माझ्या बाकीच्या पेशंटना दाखवणार आहे," म्हणाल्या. त्या आठवड्यात काका गल्लीतून चालायचे ते छाती दोन बोटं पुढे काढून.

लेक मात्र फोटोने भुलणारी नव्हती. न्हाणीच्या दारातलं ते पडणं तिने पाहिलं होतं. तिनेच आईला उचललं होतं. त्याच संध्याकाळी ती स्पष्ट बोलली होती, "बाबा, एकदा झालं ते झालं. निम्मी चूक माझी होती. पण पुन्हा घोळ झाला तर आई माझ्याकडे येणार."

"आणि मी?"

लेकीच्या घरी एक खोली सासूबाईंच्या खाटेने अडवली होती आणि दुसऱ्या खोलीत उरलेलं सगळं घर राहत होतं. पॅसेजमध्ये अजून एक खाट मावली असती. एकच. हे तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून कुणीच मोजमाप काढलं नाही.

तेव्हापासून त्या फळीवर गोळ्यांपेक्षा जड काहीतरी टांगलेलं होतं. पन्नास वर्षांचा संसार चार खिळ्यांवर होता म्हणा ना.

दोन वर्षं फळी चोख चालली. काकूंना एक गोळी रक्त पातळ ठेवण्याची होती, आणि ती भारी नखरेल. रक्ताच्या तपासणीत तिचा आकडा दोन आणि तीनच्या मधे यावा लागे. खाली गेला तर झडपेवर गुठळी धरायची भीती, वर गेला तर रक्त थांबायचं नाही. दोन वर्षं आकडा दोन आणि तीनच्या मधे गुण्यागोविंदाने नांदला. मग या वर्षी तो नाचायला लागला. एका महिन्यात दीडच्या खाली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, "गोळी चुकत तर नाही ना?"

"चौतीस वर्षांत गाडी चुकली नाही," काका म्हणाले. "गोळी काय चुकतेय."

बाईंना फळी आठवली असणार. त्यांनी विश्वास ठेवला आणि गोळी वाढवली. तीन आठवड्यांनी काकूंचा हात खाटेच्या कडेला नुसता लागला आणि कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा झाला. सकाळी चूळ भरली की पाणी लालसर यायला लागलं.

"दात घासताना जोर करतेस," काका म्हणाले.

"पाच दात उरलेत. जोर कुणावर करू?"

त्या काळात काकांचे गाल मात्र गल्लीत सगळ्यात गुळगुळीत होते. कोपऱ्यावरचा न्हावी एकदा म्हणालासुद्धा, "काका, या वयात दिवसातून दोनदा दाढी? कुणाला भेटायला जाता?" काका हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय.

रक्त न्यायला येणाऱ्या बाई पंधरा दिवसांनी सकाळी आल्या. पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ, हाताने हलक्या. काळानिळा हात बघून त्यांनी जिभेने च्यक् केलं आणि म्हणाल्या, "कोपराखाली काहीतरी मऊ द्या हो."

काकांनी काकूंच्या पाठीमागची लहान उशी ओढली. काकू म्हणाल्या, "ती नको, दुसरी घ्या," पण तोवर उशी हातात आली होती, अभ्र्याचं एक बटण तुटलेलं होतं, आणि त्या तुटक्या बटणाच्या फटीतून गोळ्या जमिनीवर सांडल्या. टपटप, टपटप. एक खाटेखाली घरंगळत जाऊन भिंतीला लागून थांबली.

"अरे वा," बाई म्हणाल्या. "उशीलापण ब्लडप्रेशर आहे वाटतं."

बाईंनी मुकाट्याने रक्त घेतलं, नळीवर नाव लिहिलं, चपला घातल्या. दारातून वळून हळूच म्हणाल्या, "मी काही बघितलं नाही, काका. पण तुम्ही बघा."

काका गुडघे टेकून गोळ्या वेचायला बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली. ताटलीत गोळ्या गोळा झाल्यावर त्यांनी त्या रंगाप्रमाणे वेगळ्या केल्या, आणि मग एकेक करून मोजल्या. चार रंग. प्रत्येकी एकोणीस. चारही सकाळच्या. रात्रीची एकही नाही.

बायकोला औषधाचा कंटाळा आला असता तर तिने सगळंच थुंकलं असतं, जे कडू लागतं ते तरी. हे तसं नव्हतं. पूर्ण सकाळी होत्या त्या, एकोणीस, जशाच्या तशा. केबिनमध्ये चौकशी अशीच सुरू होते. जे सापडलं ते मांडायचं, आणि मग जे तिथे असायला नको होतं ते कुठून आलं ते विचारायचं.

"या कधीच्या?" त्यांनी विचारलं.

काकू खिडकीकडे बघत होत्या. खोलीला खिडकी एकच, तीही समोरच्या इमारतीच्या भिंतीला तोंड देऊन. सकाळी सातला आणि दुपारी साडेचारला आत येणारा उजेड सारखाच, धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखा.

"सांग ना."

"तुम्ही जेवून झोपता ना," काकू म्हणाल्या. "कधी कधी उठता ते सकाळचेच उठता."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? उठता, त्या चकत्या डावीकडे करता. दाढी करता. मला विचारता झोप कशी लागली. मग गोळ्या आणता. मी काय करू?"

"सांगायचंस!"

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं, अहो सकाळी दिल्यात की. तुम्ही मला फळी दाखवलीत. म्हणालात, चकती डावीकडे आहे, म्हणजे दिलेली नाही. माणूस विसरतो, फळी विसरत नाही."

काकांना ते वाक्य ओळखीचं वाटलं. त्यांचंच होतं. म्हटल्याचं आठवत मात्र नव्हतं, आणि हेच सगळ्यात वाईट होतं.

"मग जीभ?"

"गालात धरायची. जीभ बाहेर, गोळ्या गालात. तुम्ही पाठ फिरवलीत की उशीत." काकू जरा हसल्या. "पन्नास वर्षं तुमच्याशी संसार केला, एवढी लबाडी जमायला नको?"

"पण आकडा का नाचला मग? दुसऱ्या खेपेच्या उशीत गेल्या, पहिल्या पोटात. हिशेब बरोबर बसायला हवा."

काकूंचं हसू मावळलं. "मीही दुपारी झोपतेच की हो. मलाही कधी कळायचं नाही ही पहिली खेप की दुसरी. कधी दोन्ही उशीत गेल्या असतील, कधी दोन्ही पोटात. माझ्याकडे कुठे चकती होती?"

काका फळीकडे बघत राहिले. किती नेटकी होती. त्यांनी सगळ्यांच्या चुकांची सोय करून ठेवली होती. लेकीच्या, काकूंच्या, दुकानदाराच्या. चकत्या डावीकडे करणाऱ्या हातावर मात्र कुणाचीच चकती नव्हती. आणि तो हात काही कामचुकार नव्हता. नियम म्हणत होता, उठल्याबरोबर डावीकडे. तो उठत होता आणि करत होता. नियम पाळूनच त्याने बायकोसमोर कितीतरी वेळा दुसरी गाडी सोडली होती.

"उशीला बटण लावा," काकू म्हणाल्या. "त्या बाई बोलणार नाहीत. यापुढे मी नीट लक्ष ठेवीन. तुम्ही सकाळी दिलीत की मी खडूने खाटेवर रेघ मारीन."

"आणि रेघ मारायची विसरलीस तर?"

"तर विसरले. म्हातारी माणसं आपण. थोडं इकडे, थोडं तिकडे. अहो, लेकीला कळलं तर ती मला नेईल."

काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या. एवढ्या वर्षांत काकूंनी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. टोमणे मारून घ्यायच्या, मागायच्या नाहीत. आज त्या चक्क मागत होत्या.

काकांनी सुई शोधली. बटणही सापडलं. सुईत दोरा ओवता ओवेना, म्हणून ते दाराशी उजेडात जाऊन बसले, आणि तिथे त्यांना केबिनमधल्या त्यांच्या जोडीदाराची आठवण आली. तो एकदा भरदुपारी चुकीचं टोकन देऊन बसला होता. समोरासमोरच्या गाड्या दोन डब्यांच्या अंतरावर थांबल्या. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही, आणि त्या दोन ड्रायव्हरांखेरीज कुणाला कळलंही नाही. ड्रायव्हर म्हणाले, जाऊ दे. जोडीदाराने स्वतः कागद घेतला आणि स्वतःविरुद्ध रिपोर्ट लिहिला. खटक्यांवरून गेला तो गेला, पुढे मालगोदामात पोती मोजत बसला. काकांनी त्याला मूर्ख म्हटलं होतं. तो म्हणाला होता, "अपघात झाला नाही ते नशीब. चूक झाली ती माझी. नशिबाची ड्यूटी मी कशी लावू?"

सुई तशीच राहिली. काका उठले आणि त्यांनी फोन लावला. आधी डॉक्टरीणबाईंना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रक्ताची गोळी सध्या बंद ठेवायला सांगितली, रिपोर्ट आला की पुढचं कळवते म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "काका, तो फोटो मी अजून दाखवते हो लोकांना."

"दाखवा," काका म्हणाले. "फळीत काही वाईट नाही."

मग लेकीला. तिला त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, साहेबासमोर जबानी द्यावी तसं, मधे न थांबता.

"बाबा," ती म्हणाली, "सांगितलं नसतंत तर फार बरं झालं असतं." आणि लगेच, "नाही नाही. तसं नाही म्हणायचं मला. मी येते."

लेक काही दुष्ट नव्हती. तिने आईला लगेच उचलून नेलं नाही. आधी सगळे उपाय करून पाहिले. फळी उतरवून कपाटामागे ठेवली आणि सात दिवसांच्या सात झाकणांचा प्लास्टिकचा डबा आणला. फोनवर नऊचा गजर लावला. सोमवारी नऊला गजर झाला, काकांनी सोमवारचं झाकण उघडलं. सगळं ठाकठीक. दुपारी ते झोपले, विटक्या उजेडात उठले, दाढी केली आणि गजराची वाट बघत बसले. गजर होईना. "हेही घड्याळ साहेबांनी दिलेलंच दिसतंय," असं म्हणून त्यांनी मंगळवारचं झाकण उघडलं. काकूंनी तोंड मिटून घेतलं आणि उघडलंच नाही.

मग डब्याला कुलूप आलं, किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे. बाई रोज नऊला यायच्या, गोळ्या द्यायच्या, जायच्या. दहाव्या दिवशी शिंपीणबाईंची आई आजारी पडली आणि त्या किल्लीसकट गावी गेल्या. त्या दिवशी काकूंना एकही गोळी मिळाली नाही. लेकीने सुट्टी काढली, ती संपली. बाराव्या दिवशी गाडी दारात आली.

काकूंनी सामान असं काहीच घेतलं नाही. जाताना फक्त कपाटाकडे बोट दाखवलं. "ती फळी परत टांगा. भिंत उघडी दिसते."

"कुणासाठी टांगू?"

"तुमची नाही का एक गोळी ब्लडप्रेशरची? एका गाडीलाही सिग्नल लागतोच की."

पॅसेजमधली खाट बरोबर मावली, असं लेकीने रात्री फोन करून सांगितलं. काका बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी फळी परत टांगली. एक चकती काढून ठेवली, एक राहू दिली. आणि मग एक नवीन पद्धत निघाली. कुणी ठरवली असं नाही. सकाळी नऊला काका फोन करायचे. तिकडे लेक गोळ्या हातावर ठेवून उभी असायची, काकू फोन कानाला लावून.

"लाइन क्लिअर आहे का?" काका विचारायचे. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला विचारायची ही रीत.

"क्लिअर आहे."

"मग सोडतो."

आणि गिळल्याचा आवाज आला की काका फोन ठेवायचे. आकडा दोन आणि तीनच्या मधे आला. हातावरचा काळा डाग आधी हिरवा झाला, मग पिवळा, मग गेला. डॉक्टरीणबाई खूश होत्या. सगळे म्हणायचे, झालं ते बरंच झालं, आणि खरंच होतं ते. काकू आता सुरक्षित होत्या. तेवढ्या एका गोष्टीसाठी बाकी सगळं गेलं होतं, आणि ती गोष्ट मिळाली होती. तक्रार कुणाकडे करणार?

मग एके दिवशी दुपारी पावणेपाचला लेकीच्या घरी फोन वाजला. काकूंनीच उचलला.

"झोप कशी लागली?" काका म्हणाले. आवाज ताजा, नुकती दाढी केलेला. "लाइन क्लिअर आहे का?"

काकूंनी पॅसेजच्या टोकाला दिव्याखाली भाजी निवडत बसलेल्या लेकीकडे बघितलं.

"नाही," त्या हळूच म्हणाल्या. "गाडी गेली, अहो. सकाळीच गेली."

पलीकडे काका खिडकीकडे बघत असावेत. मग एक लांब "हां" ऐकू आला.

तेव्हापासून तो फोन आठवड्यातून दोनदा यायचा, मग चारदा, मग रोज. काकू रोज तेच सांगायच्या, गाडी गेली. कधी चिडायच्या, "किती वेळा तीच गाडी सोडाल?" कधी नुसतं "नाही हो" म्हणायच्या. जावई एकदा म्हणाला की संध्याकाळी फोन बंद ठेवू या, आईंना त्रास होतो. काकूंनी फोन उशीखाली घेतला आणि त्यावर डोकं ठेवून पडल्या. उशीत लपवायची त्यांना सवय होतीच.

एकदा काकूंच्या मनात भलतंच आलं. आपली लाइन बघायला इकडे माणूस होतं. तिकडे कोण होतं?

"अहो," त्या दिवशी फोन आल्यावर त्यांनी विचारलं, "तुमची गोळी घेतलीत का?"

काकांनी फळीकडे पाहिलं. चकती डावीकडे होती. आपणच आत्ता उठल्यावर ती डावीकडे केली, एवढं त्यांना आठवलं. त्याआधी ती कुठे होती ते आठवेना. ताटलीत रिकामं पाकीट पडलं होतं, पण ते आजचं की कालचं ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. त्यांनी गालावरून हात फिरवला. गाल गुळगुळीत होता. म्हणजे एकदा तरी सकाळ झाली होती.

"ऐकताय ना? घेतलीत का?"

चौतीस वर्षांत, रूळ मोकळा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, त्यांनी विचारणाऱ्या स्टेशनला कधी होकार दिला नव्हता.

"घेतली," काका म्हणाले. "तू पड आता."